कलमांच्या आडून होणारी मुस्कटदाबी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

युरोपातील लोकशाहीविषयीच्या ज्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत येतात त्या बहुतेक निवडणुकांच्या निकालांच्या, पंतप्रधानांच्या राजीनाम्यांच्या किंवा चौकांत जमलेल्या गर्दीच्या असतात. त्या यायलाच हव्यात. परंतु तेथे मानवी हक्कांसाठी वर्षानुवर्षे काम करणारी जी माणसे आहेत, त्यांची नावे आपल्या वाचकांपर्यंत पोचतात ती दोनच प्रसंगी : मोठा पुरस्कार मिळाला तर, किंवा खून झाला तर. मधल्या काळात त्यांच्यावर जे खटले चालतात ते छापून आलेच तर एका ओळीत येतात, आणि त्या ओळीत सरकारी वकिलाने लावलेला आरोप जसाच्या तसा उतरलेला असतो : करचुकवेगिरी, तस्करी, परकी हस्तक, पोलिसावर हल्ला. या एका ओळीविषयी मला लिहायचे आहे. ते जरा सविस्तर लिहावे लागेल, कारण आरोपामागचा तपशील सांगितल्यावाचून माझे म्हणणे पटणार नाही.

१३ डिसेंबर २०२५ रोजी बेलारूसने १२३ कैद्यांची सुटका केली आणि त्या बदल्यात अमेरिकेने त्या देशाच्या पोटॅशवरील निर्बंध उठवले. सुटलेल्यांत आलेस बिआलियात्स्की होते. २०२२ च्या नोबेल शांतता पुरस्काराचे ते एक मानकरी. पुरस्कार जाहीर झाला तेव्हाही ते तुरुंगात होते आणि तो त्यांच्या पत्नीने स्वीकारला. ३ मार्च २०२३ रोजी त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. आरोप होता रोख रकमेच्या तस्करीचा आणि सार्वजनिक शांततेचा भंग करणाऱ्या कृत्यांना पैसा पुरवल्याचा. त्याआधी २०११ मध्ये त्यांना साडेचार वर्षांची शिक्षा झाली होती, तिचे कारण करचुकवेगिरी असे नोंदवलेले आहे. ज्या वाचकाला एवढेच कळते त्याच्या मनात शंका राहते, आणि ती राहावी यासाठीच हे आरोप निवडलेले असतात.

प्रत्यक्षात काय घडले होते? १९९६ च्या वसंतात मिन्स्कमध्ये राष्ट्राध्यक्ष लुकाशेंका यांच्या विरोधात मोठी निदर्शने झाली आणि शेकडो माणसे पकडली गेली. या माणसांची यादी करणे, त्यांना वकील मिळवून देणे, त्यांच्यावर लादलेले दंड भरणे, घरी राहिलेल्यांची चूल पेटती ठेवणे, एवढ्यासाठी बिआलियात्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक संस्था काढली. तिचे नाव 'व्हियास्ना', म्हणजे वसंत. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची नोंदणी रद्द केली आणि पुन्हा नोंदणीसाठी केलेले अर्ज फेटाळले गेले. २००५ च्या अखेरीस फौजदारी संहितेत नवे कलम आले, त्यानुसार नोंदणी नसलेल्या संस्थेच्या नावाने काम करणे हाच गुन्हा ठरला. नोंदणी नाही म्हणून बँकेत खाते नाही, आणि खाते नाही म्हणून कैद्यांच्या मदतीसाठी आलेला पैसा ठेवायला जागा नाही. तेव्हा बिआलियात्स्कींनी लिथुआनिया आणि पोलंड येथे स्वतःच्या नावाने खाती उघडली. बेलारूसच्या अधिकाऱ्यांनी या दोन्ही देशांकडे, परस्पर कायदेशीर साहाय्याच्या करारांचा आधार घेऊन, खात्यांचा तपशील मागितला, आणि दोन्ही देशांनी तो दिला. मग त्या खात्यांतील रक्कम हे बिआलियात्स्कींचे खासगी उत्पन्न ठरवण्यात आले, त्यावरील कर चुकवला असे दाखवण्यात आले, आणि ते जून २०१४ पर्यंत तुरुंगात राहिले.

या प्रकरणातील एक बाब मला सर्वांत अस्वस्थ करते. लिथुआनिया आणि पोलंड हे दोन्ही देश युरोपीय संघाचे सदस्य, दोघांनीही हुकूमशाही भोगलेली, दोघांचेही बेलारूसमधील लोकशाहीवाद्यांना उघड समर्थन. असे असूनही मिन्स्कहून आलेल्या पत्राला तेथील कार्यालयांनी इतर कोणत्याही पत्राला द्यावे तसे उत्तर दिले. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. पत्र नमुन्याप्रमाणे होते, कराराचा हवाला होता, आणि कोणाच्या खात्याची माहिती आपण कोणाच्या हाती देत आहोत हे कोणी विचारले नाही. नंतर दोन्ही देशांनी दिलगिरी व्यक्त केली, पण ती वरातीमागून घोडे अशीच होती. तोवर तो कागद न्यायालयात पुरावा होऊन बसला होता. ज्या माणसाचे आयुष्य इतरांच्या अटकेच्या नोंदी ठेवण्यात गेले त्याला अडकवण्यासाठी बँकेचा उतारा पुरला.

डिसेंबरच्या सुटकेनंतरही बेलारूसच्या तुरुंगांत एक हजाराहून अधिक राजकीय कैदी उरले होते. हा आकडा जगाला सांगता येतो तो व्हियास्नाने नावानिशी ठेवलेल्या यादीमुळे. ती संस्था बंद पाडण्याचा एवढा अट्टहास का, याचे उत्तर या यादीत आहे. यादी नसली की कैदी राहत नाहीत, फक्त अफवा राहतात.

रशियातील 'मेमोरियल' या संस्थेची गोष्ट थोडी वेगळी, पण त्याच वळणाने गेलेली आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस, सोव्हिएत सत्तेवर टीका करणारे भौतिकशास्त्रज्ञ आंद्रेई सखारोव यांच्या सहभागाने उभ्या राहिलेल्या या संस्थेने स्टालिनच्या काळातील बळींची नावे गोळा केली आणि त्याचबरोबर आजच्या रशियातील, विशेषतः चेचन्यातील, अत्याचारांची नोंद ठेवली. नतालिया एस्तेमिरोवा चेचन्याच्या राजधानीत, ग्रोझ्नीत, हेच काम करत होत्या. १५ जुलै २००९ रोजी त्यांना घराजवळून पळवून नेण्यात आले आणि त्याच दिवशी त्यांचा मृतदेह शेजारच्या इंगुशेतियात सापडला. त्या खुनाची बातमी जगभर छापली गेली. त्यानंतर बारा वर्षांनी संपूर्ण संस्थाच संपवण्यात आली, तेव्हा मात्र कारण इतके क्षुल्लक दाखवण्यात आले की बातमीत त्याचा नीट उलगडाही झाला नाही. २०१२ च्या कायद्याने परदेशातून पैसा घेऊन 'राजकीय काम' करणाऱ्या संस्थांना परकी हस्तक म्हणून नोंद करणे बंधनकारक झाले, आणि पुढे तशी नोंद असलेल्यांनी आपल्या प्रत्येक प्रकाशनावर तसा शिक्का छापायचा, असे ठरले. मेमोरियलच्या काही पुस्तकांवर आणि संकेतस्थळावरील काही मजकुरांवर हा शिक्का नव्हता. त्याबद्दलचे दंड संस्थेने भरलेही होते. तरीही २८ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती विसर्जित करण्याचा आदेश दिला. सरकारी वकिलाने न्यायालयात मेमोरियल सोव्हिएत संघाची खोटी, दहशतवादी राज्याची प्रतिमा उभी करते असे सांगितले, तेव्हा खरे कारण त्याच्याच तोंडून बाहेर आले. निकालाचा आधार मात्र शिक्क्याचाच राहिला.

मॉस्को हेलसिंकी गटाचे उदाहरण याहून बोलके आहे. १ ऑगस्ट १९७५ रोजी हेलसिंकीत ३५ देशांनी ज्या अंतिम करारावर सह्या केल्या त्यात मानवी हक्कांच्या आदराचे वचन होते, आणि सोव्हिएत संघानेही त्याखाली सही केली होती. ते वचन पाळले जाते की नाही हे पाहण्यासाठी भौतिकशास्त्रज्ञ युरी ओर्लोव आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी १२ मे १९७६ रोजी हा गट स्थापन केला. पाळत ठेवायची आणि लिहून काढायचे, एवढेच त्याचे काम. ओर्लोव यांना त्याबद्दल सात वर्षे श्रमछावणी आणि पाच वर्षे हद्दपारी भोगायला सांगण्यात आले. सोव्हिएत काळात निदान आरोपात 'सोव्हिएतविरोधी प्रचार' असा स्पष्ट उल्लेख असे. जानेवारी २०२३ मध्ये मॉस्कोच्या न्यायालयाने तोच गट बंद केला तो मॉस्कोपुरती नोंदणी असताना त्याने इतर प्रांतांतही काम केले, एवढ्या कारणावरून. दुसऱ्या शहरातील खटल्याला निरीक्षक पाठवणे हे त्यात मोडत होते. सत्तेचा हेतू दोन्ही वेळी सारखाच होता, परंतु दुसऱ्या वेळी तो नोंदणी खात्याच्या नियमात गुंडाळलेला होता, आणि म्हणून तो बातमीदाराच्या नजरेतून सहज निसटतो.

हे कायदे एका देशातून दुसऱ्या देशात जातात, ही गोष्टही आपल्या वाचकांना सांगायला हवी. हंगेरीने २०१७ मध्ये परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांनी स्वतंत्र नोंद करावी आणि आपल्या प्रकाशनांवर ते छापावे असा कायदा केला. तो युरोपीय संघाच्या न्यायालयाने १८ जून २०२० रोजी संघाच्या कायद्याशी विसंगत ठरवला आणि पुढे हंगेरीला तो मागे घ्यावा लागला. जॉर्जियाने मे २०२४ मध्ये, ज्या संस्थांना किंवा माध्यमांना वीस टक्क्यांहून अधिक पैसा परदेशातून येतो त्यांना परकीय सत्तेचे हित साधणाऱ्या संघटना म्हणून नोंदवण्याचा कायदा केला. लोकांनी राजधानी तिबिलिसीत आठवडेच्या आठवडे निदर्शने केली, राष्ट्राध्यक्षांनी नकाराधिकार वापरला, तो संसदेने मोडून काढला. त्याच वर्षी २८ नोव्हेंबर रोजी पंतप्रधानांनी युरोपीय संघातील प्रवेशाची बोलणी २०२८ पर्यंत पुढे ढकलल्याचे जाहीर केले, तेव्हापासून तिबिलिसीच्या रुस्तावेली मार्गावर लोक रात्रीमागून रात्री जमत राहिले.

याच काळात जॉर्जियाच्या बातुमी शहरात म्झिया अमाग्लोबेली यांना अटक झाली. 'बातुमेलेबी' आणि 'नेटगझेती' या दोन वृत्तमाध्यमांच्या त्या संस्थापक. जानेवारी २०२५ च्या एका रात्री, निदर्शकांच्या धरपकडीच्या गदारोळात, त्यांनी शहराच्या पोलीस प्रमुखाला एक चपराक मारली. ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही आणि तिचे समर्थनही मी करत नाही. परंतु त्या एका चपराकीसाठी चार ते सात वर्षांच्या शिक्षेचे कलम लावण्यात आले, खटला संपेपर्यंत त्यांना कोठडीतच ठेवण्यात आले, तेथे त्यांनी ३८ दिवस उपोषण केले, त्यांची दृष्टी खालावत गेली, आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजी कलम सौम्य करून दोन वर्षांची शिक्षा देण्यात आली. त्याच वर्षी युरोपीय संसदेने, तेव्हा बेलारूसच्या तुरुंगात असलेले पत्रकार आंद्रेई पोचोबुत यांच्यासह, त्यांना मानवी हक्कांसाठीचा सखारोव पुरस्कार दिला. 'पोलिसावर हल्ला करणारी पत्रकार' एवढी एक ओळ छापली, तर ती ओळ खोटी म्हणता येणार नाही. तरीही तिच्यातून वाचकाला मिळणारी माहिती अपुरी इतकी की ती दिशाभूलच करील.

आता युरोपीय संघाच्या आत पाहू, कारण हे सारे पूर्वेकडील हुकूमशाहीचे दोष आहेत असा समज या पत्रातून व्हायला नको. माल्टा हा संघाचा सर्वांत छोटा सदस्य देश. तेथील पत्रकार दाफ्ने कारुआना गालिझिया यांचा १६ ऑक्टोबर २०१७ रोजी मोटारीत बॉम्बस्फोट घडवून खून करण्यात आला. हे वाचकांना ठाऊक असेल. त्या दिवशी त्यांच्यावर अब्रूनुकसानीचे चाळीसहून अधिक दावे प्रलंबित होते, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. एका मंत्र्याने लावलेल्या दाव्यांत त्यांची बँक खाती गोठवली गेली होती. एका बँकेने तर त्यांच्यावर थेट अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात चार कोटी डॉलरचा दावा दाखल केला होता. नाक दाबले की तोंड उघडते असे आपण म्हणतो; येथे तोंड बंद व्हावे म्हणून नाक दाबले जात होते. दावा जिंकणे हा हेतूच नसतो. तारखा पडाव्यात, वकिलांची बिले चढावीत, एका लेखाच्या बचावात दुसरा लेख लिहायचा राहून जावा, एवढे साधले की काम भागते. आणि मृत्यूनेही यातून सुटका झाली नाही, कारण माल्टाच्या कायद्यानुसार ते दावे त्यांच्या वारसांवर आले. आईच्या खुनाचा तपास व्हावा म्हणून झगडणाऱ्या मुलांना आईच्या लेखांबद्दलच्या दाव्यांतही उभे राहावे लागले.

पुढे जे घडले ते या माणसांच्या चिकाटीचे फळ आहे, म्हणून ते थोडे सांगते. माल्टाची राजधानी वॅलेट्टा येथे न्यायालयाच्या इमारतीसमोर एक जुने युद्धस्मारक आहे. त्याच्या पायाशी लोक दाफ्ने यांचे छायाचित्र, फुले आणि मेणबत्त्या ठेवू लागले. सरकारी सफाई कामगार ते सारे उचलून नेत आणि लोक पुन्हा आणून ठेवत. हे आठवडे नव्हे, महिनोन्महिने चालले. अखेर ३० जानेवारी २०२० रोजी माल्टाच्या न्यायालयाने ही सफाई म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग आहे असा निर्णय दिला. सार्वजनिक चौकशी व्हावी यासाठी कुटुंबाला दोन वर्षे झगडावे लागले. त्या चौकशीच्या जुलै २०२१ च्या अहवालाने, गुन्हेगारांना अभय वाटेल असे वातावरण निर्माण केल्याची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकली. आणि २०२४ मध्ये युरोपीय संघाने, तोंड बंद करण्यासाठी लावलेल्या दाव्यांविरुद्ध एक निर्देश संमत केला. तो 'दाफ्नेचा कायदा' म्हणून ओळखला जातो. उघडपणे निराधार असलेला दावा लवकर फेटाळणे, खर्च दावेदाराकडून वसूल करणे, त्याला दंड करणे, अशा तरतुदी त्यात आहेत, आणि सदस्य देशांनी त्या आपापल्या कायद्यांत आणण्यासाठी ७ मे २०२६ ही मुदत देण्यात आली. त्यातील उणीव अशी की तो केवळ दिवाणी आणि एकाहून अधिक देशांशी संबंध असलेल्या दाव्यांना लागू होतो. दाफ्ने यांच्यावरचे बहुतेक दावे माल्टातल्या माणसांनी माल्टातच लावलेले होते. देशांतर्गत दाव्यांनाही हेच संरक्षण कोणता देश देतो आणि कोणता देत नाही, हे तपासण्यासारखे आहे.

फ्रान्समधील सेड्रिक एरू यांचे प्रकरण मी मुद्दाम येथे घेते, कारण त्यात कलम वापरणारे राज्य एक प्रतिष्ठित लोकशाही आहे. इटलीच्या सीमेलगतच्या रोया खोऱ्यात ऑलिव्हची शेती करणाऱ्या या माणसाने सीमा ओलांडून आलेल्या, रस्त्यात अडकलेल्या स्थलांतरितांना गाडीत घेतले आणि स्वतःच्या आवारात आसरा दिला. परकीयांच्या बेकायदा वास्तव्याला मदत करण्याच्या कलमाखाली, ज्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि तीस हजार युरोंपर्यंत दंड होऊ शकतो, त्यांना २०१७ मध्ये चार महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. त्यांच्या वकिलांनी प्रश्न संविधान परिषदेपुढे, म्हणजे कायदा संविधानाला धरून आहे की नाही हे ठरवणाऱ्या संस्थेपुढे, नेला. फ्रेंच प्रजासत्ताकाच्या ब्रीदातील 'बंधुता' हा शब्द नाण्यांवर आणि शाळांच्या दारांवर कोरलेला असतो, पण त्याला कायद्याचे बळ आहे का, असे कोणी आजवर विचारले नव्हते. ६ जुलै २०१८ रोजी परिषदेने निर्णय दिला की बंधुता हे संविधानिक तत्त्व आहे आणि त्यातून, समोरच्याचे वास्तव्य कायदेशीर आहे की नाही हे न पाहता, माणुसकीच्या भावनेने त्याला मदत करण्याचे स्वातंत्र्य निघते. सीमा ओलांडायला मदत करण्यापर्यंत हे स्वातंत्र्य जात नाही, हेही परिषदेने स्पष्ट केले. २०२१ च्या मार्चमध्ये एरू यांची निर्दोष मुक्तता कायम झाली. एका शेतकऱ्याच्या फौजदारी खटल्यातून एका प्रजासत्ताकाला आपल्या ब्रीदातील तिसऱ्या शब्दाचा अर्थ कळला, ही मला फार मोठी घटना वाटते.

न्यायाधीशांनी स्वतः रस्त्यावर यावे, असा प्रसंग पोलंडमध्ये आला. २०१५ नंतरच्या सरकारने न्यायाधीशांच्या नेमणुका करणारी परिषद आपल्या ताब्यात घेतली आणि न्यायाधीशांना शिक्षा करणारी शिस्तपालन शाखा सर्वोच्च न्यायालयात उभी केली. ११ जानेवारी २०२० रोजी वॉर्सात झालेल्या 'हजार झग्यांच्या मोर्चा'त पोलंडचे न्यायाधीश आणि त्यांच्यासोबत युरोपातील अनेक देशांतून आलेले न्यायाधीश आपापले न्यायालयीन झगे घालून, घोषणा न देता चालले. एका निकालाचे वाचन करताना पत्रकारांना उपस्थित राहू दिले, एवढ्या कारणाने इगोर तुलेया यांना नोव्हेंबर २०२० मध्ये पदावरून दूर करण्यात आले. ते दोन वर्षांनी परतले. ती शाखा चालू ठेवल्याबद्दल युरोपीय संघाच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये पोलंडला रोज दहा लाख युरो दंड लावला. १५ ऑक्टोबर २०२३ च्या निवडणुकीत ७४ टक्क्यांहून अधिक मतदान झाले आणि सरकार बदलले. आपल्याकडील बातम्या बहुधा तेथेच थांबल्या. परंतु त्या परिषदेने नेमलेल्या न्यायाधीशांचे आणि त्यांनी दिलेल्या निकालांचे काय करायचे, कायदा मोडून उभारलेली व्यवस्था कायदा न मोडता कशी उतरवायची, हा प्रश्न तेथील माणसांना त्यानंतरही पुरून उरला आहे, आणि तो मोर्चाहून अधिक कठीण आहे.

स्ट्रासबर्ग येथील मानवी हक्क न्यायालयाविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण या साऱ्या माणसांच्या आशेचे ते शेवटचे ठिकाण असते. युरोप परिषद ही युरोपीय संघाहून वेगळी संघटना; तिच्या ४६ सदस्य देशांतील कोणीही, आपल्या देशातील न्यायालये संपल्यावर, तेथे आपल्याच सरकारविरुद्ध अर्ज करू शकतो. चेक प्रजासत्ताकातील ऑस्ट्रावा येथील, रोमा या उपेक्षित अल्पसंख्य समाजातील, १८ मुलांच्या वतीने २००० मध्ये असा अर्ज झाला. रोमा मुलांना मतिमंदांसाठीच्या वेगळ्या शाळांत घातले जाते, अशी तक्रार होती. हे भेदभावाने केले असे कोणत्याही कागदावर लिहिलेले नव्हते. प्रत्येक मुलाची चाचणी झालेली होती, प्रत्येक पालकाची संमती घेतलेली होती. युरोपियन रोमा राइट्स सेंटर या संस्थेच्या लोकांनी शहरातील शाळांतून मुले मोजली आणि दाखवून दिले की रोमा मूल अशा शाळेत जाण्याची शक्यता इतर मुलांच्या तुलनेत २७ पट आहे. २००६ मध्ये हा अर्ज फेटाळला गेला, आणि १३ नोव्हेंबर २००७ रोजी न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तो मान्य केला. वर्गावर्गात जाऊन केलेल्या मोजणीला पुराव्याचे मोल आले. बेलारूसच्या नागरिकांना हा दरवाजा कधीच उघडा नव्हता, कारण तो देश परिषदेचा सदस्य नाही. युक्रेनवरील आक्रमणानंतर १६ मार्च २०२२ रोजी रशियाची हकालपट्टी झाली, ती योग्यच होती, परंतु त्यामुळे रशियातील माणसांनाही तो बंद झाला.

आणि निकाल लागला म्हणजे न्याय मिळालाच असे नाही. तुर्कस्तानातील उद्योजक आणि नागरी संस्थांचे पाठीराखे ओस्मान कावाला यांना १८ ऑक्टोबर २०१७ रोजी अटक झाली. १० डिसेंबर २०१९ रोजी स्ट्रासबर्गने ती कोठडी बेकायदा असून त्यांना गप्प करण्यासाठीच आहे असे सांगून त्यांना ताबडतोब सोडण्यास सांगितले. ते सुटले नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये त्यांना जन्मठेप झाली, जुलैमध्ये न्यायालयाने तुर्कस्तान आपले बंधन मोडत असल्याचे पुन्हा जाहीर केले, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात त्यांच्या कैदेला आठ वर्षे पूर्ण झाली. निकालाची अंमलबजावणी पाहण्याचे काम सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या समितीकडे असते. तिच्या बैठकांच्या बातम्या कोठेच येत नाहीत, आणि म्हणून निकाल न पाळणाऱ्या सरकारला कोणाचीच लाज वाटत नाही.

संपादक महाशय, आपल्याकडे माझे मागणे फार नाही. अशा कोणत्याही माणसाला शिक्षा झाल्याची बातमी लावताना, कलमाच्या शेजारी तो माणूस काय काम करत होता हे एका वाक्यात लिहावे. 'परकी हस्तक' हे शब्द कोणत्याही सरकारचे असोत, ते अवतरणचिन्हांत आणि ते कोणाचे आहेत हे सांगूनच छापावेत. अटकेची बातमी दिली असेल तर निकालाचीही द्यावी, आणि स्ट्रासबर्गचा निकाल दिला असेल तर वर्षभराने तो पाळला गेला का, याची विचारपूस करून चार ओळी छापाव्यात. जागा कमी असते, हे मी जाणते.

एक विनंती मात्र आग्रहाने करते. मॉस्कोतील लुब्यांका चौकात, गुप्त पोलिसांच्या मुख्यालयासमोर, सोलोवेत्स्की बेटांवरील छावणीतून आणलेला एक दगड आहे. २००७ पासून दरवर्षी २९ ऑक्टोबरला मेमोरियलच्या पुढाकाराने तेथे लोक रांग लावत, आणि सकाळी दहापासून रात्री दहापर्यंत एकेक जण पुढे येऊन स्टालिनच्या काळातील बळींची कागदावरची नावे वाचत असे : नाव, वय, व्यवसाय, गोळी घातल्याची तारीख. पुष्कळ जण शेवटी आपल्या आजोबांचे किंवा पणजोबांचे नाव जोडत. २०२० पासून तेथे जमण्याची परवानगी मिळालेली नाही, म्हणून हे वाचन आता इतर देशांतील शहरांत आणि इंटरनेटवर होते. येत्या २९ ऑक्टोबरच्या अंकात त्यातील दहा नावे, वय, व्यवसाय आणि तारखेसह, आपण छापावीत.

कळावे,
आपली विश्वासू,
एक नियमित वाचक